शेवटचं पान तपासू नका

सत्र संपत आलं की शाळांमध्ये वह्या तपासायला जमा होतात. समास आखलाय का, तारीख घातलीय का, गृहपाठ पूर्ण आहे का हे बघत बघत बाई किंवा सर शेवटच्या पानाशी येतात आणि तिथे डोरेमॉन हसत असतो. मग लाल पेनाची फुली पडते, 'वही स्वच्छ ठेवावी' असा शेरा येतो. कधी ते पान सगळ्या वर्गासमोर टरकावलं जातं. प्रकरण वाढलंच तर पालकसभेत ऐकवलं जातं, "तुमचा मुलगा वहीच्या मागे चित्रं काढत बसतो." सांगण्याचा सूर असा, की जणू काही चोरीच पकडली.

माझं म्हणणं असं की वहीचं शेवटचं पान मुलाचं आहे. शाळेने ते तपासू नये, त्यावरून शिक्षा करू नये. आणि त्याला गुणही देऊ नयेत. हा शेवटचा मुद्दा मला पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्या पानावर असतं काय, हे आधी नीट पाहायला हवं. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं आणि ते मराठीतही निघू लागलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं वह्यांच्या मागे वेताळ आणि त्याची कवटीची अंगठी असायची. मग चाचा चौधरींचा फेटा आणि मिशा आल्या. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा आणि सोमवारी तो भूगोलाच्या वहीत उतरायचा. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू सुरू झाला आणि मराठी घरांतल्या मुलांना रोज सकाळी गिरवायला आपल्याच गल्लीतला वाटावा असा एक पोरगा मिळाला. आताच्या वह्यांत छोटा भीम, शिनचॅन, पोकेमॉन. पात्रं बदलत गेली, पान तेच राहिलं. महाराष्ट्रातल्या वह्यांमध्ये या सगळ्यांच्या जोडीला आणखी दोन चित्रं पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत : एका रेघेतला गणपती आणि बाजूने दिसणारा शिवाजी महाराजांचा चेहरा. ती कार्टून नव्हेत, मुलं ती भक्तिभावाने काढतात. पण जिरेटोप, नाक आणि दाढी एवढ्या तीन वळणांत ओळख पटवायची, हे कसब मुलाच्या बोटांत तिथेच येतं आणि कार्टूनलाही नेमकं तेच लागतं.

यावर चित्रकलेच्या जाणकारांचाच एक आक्षेप असतो. ही तर नक्कल आहे, ते म्हणतात, दुसऱ्याने तयार केलेलं पात्र उतरवण्यात कसली आलीय कला? हा आक्षेप मला मान्य नाही. एखादं मूल डोरेमॉन काढत असताना शेजारी बसून बघा. डोक्याचं मोठं वर्तुळ, त्याच्या आत चेहऱ्याचं लहान वर्तुळ. पण दोन्हींचा मध्य एक ठेवला तर डोरेमॉन होत नाही, आतलं वर्तुळ खाली सरकवावं लागतं. डोळे म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन उभे लंबगोल, आणि ते आतल्या वर्तुळाची वरची कड ओलांडून जातात. त्यांच्या खाली नाकाचा गोळा, नाकापासून सरळ उतरणारी रेघ, मग तोंड. मिशा दोन्हीकडे तीन-तीन. पहिल्या दहा डोरेमॉनांत नक्की काय बिघडलंय हे मुलाला सांगता येत नाही, काहीतरी चुकलंय एवढं मात्र कळतं. ते खोडून पुन्हा काढतं. अकराव्याला डोळे वर सरकवतं आणि एकदम चेहरा जमतो. प्रमाण, अंतर, एक आकार दुसऱ्यावर कसा बसतो, हे त्या मुलाने स्वतः शोधलेलं असतं. कुणी फळ्यावर काढून दाखवलेलं नसतं, परीक्षा नसते, तरी ते दहादा खोडतं. इतकी चिकाटी आपण गणिताच्या तासाला मागतो आणि ती मिळत नाही म्हणून कुरकुरतो.

नक्कल ही पहिली पायरी असते, आणि बरीच मुलं तिथे फार काळ थांबत नाहीत. आमच्या शेजारची सहावीतली मुलगी तिच्या भूगोलाच्या वहीची मागची पानं मला मोठ्या विश्वासाने दाखवते. सुरुवातीला त्यावर टीव्हीवरची पात्रं होती. मग एक दिवस डबेराव अवतरले. डबेराव म्हणजे दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा, त्याला काडीसारखे पाय, कडीचे हात आणि टोपीसारखं झाकण. तोंड नाहीच. सगळे भाव दोन भुवयांवर आणि झाकणावर : राग आला की झाकण उचललं जातं आणि वाफ निघते, लाज वाटली की झाकण डोळ्यांवर येतं. तोंड का नाही असं विचारल्यावर ती म्हणाली, "काका, तोंड काढलं की तो माणूस होतो, डबा राहत नाही." पात्ररचनेबद्दल इतकं नेमकं बोलणं मी मोठ्यांकडूनही फार कमी वेळा ऐकलं आहे. तिच्या बाकावरची मैत्रीण डबेरावांचा शत्रू काढते. एकीने एक चौकट काढायची, वही सरकवायची, दुसरीने पुढची. कथा कुठे जाणार हे दोघींनाही आधी माहीत नसतं. असं एकत्र मिळून काम करणं मुलांना यावं म्हणून शाळा प्रकल्प देतात, आणि ते प्रकल्प घरी आई-बाबा पूर्ण करतात.

दोनशे पानी वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर पळणारा माणूस काढून पानं फर्रकन सोडणारी मुलंही प्रत्येक वर्गात असतात. एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत पाय किती पुढे न्यायचा हे त्यांना कळलेलं असतं. पाय जास्त नेला तर माणूस उड्या मारतो, कमी नेला तर तो जागच्या जागी राहतो. अॅनिमेशनचं मूळ तत्त्वच ते, आणि ते शिकायला त्यांना पेन्सिलीपलीकडे काही लागलं नाही.

ही खोड आजची नाही, टीव्हीमुळे आलेली तर नाहीच. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात तेराव्या शतकात ओनफिम नावाचा एक मुलगा होता, साधारण सहा-सात वर्षांचा. तो भूर्जाच्या सालीवर मुळाक्षरं गिरवायचा. त्याच्या साली चिखलात टिकल्या आणि १९५६ साली उत्खननात सापडल्या. एका सालीवर त्याने अक्षरं लिहायला घेतली, थोडी लिहून झाली आणि उरलेल्या जागेत घोडेस्वार काढला, शत्रूला भाला मारणारा. शेजारी स्वतःचं नाव लिहिलं, म्हणजे घोड्यावर तोच. दुसऱ्या एका सालीच्या एका बाजूला मुळाक्षरं आणि बाराखडीसारखे अक्षरगट आहेत, आणि मागच्या बाजूला लांब मानेचा, वळलेल्या शेपटीचा एक प्राणी आहे. त्यावर लिहिलंय, 'मी जंगली जनावर आहे'. पुढे अभ्यास, मागे आपलं जग, ही वाटणी त्या पोराने साडेसातशे वर्षांपूर्वी केलेली आहे. कागदाची वही, छापील पुस्तक, पडदा, यातलं काहीच नव्हतं तेव्हा. त्या साली आज इतिहासकार जपतात ते त्यांवरच्या मुळाक्षरांसाठी जेवढं, तेवढंच त्या घोडेस्वारासाठी.

आता लक्षाचा प्रश्न. शिक्षकांची ही तक्रार खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्याला समोरचं मूल मान खाली घालून रेघा ओढताना दिसलं की आपलं ऐकलं जात नाहीये असं वाटणारच. पण दिसतं ते नेहमी खरं असतंच असं नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस माणसांना त्यांनी मुद्दाम कंटाळवाणा केलेला, सुमारे अडीच मिनिटांचा एक फोनवरचा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरचे छापील आकार रंगवायला सांगितलं होतं, उरलेल्यांना नुसतं ऐकायचं होतं. नंतर अचानक विचारल्यावर रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. प्रयोग लहान होता, मोठ्या माणसांवर होता, आणि छापील आकार भरणं म्हणजे डबेराव काढणं नव्हे, हे ध्यानात ठेवूनच त्याचा आधार घ्यायला हवा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं ते याच्या पुढचं आहे : एखादा शब्द पुन्हा पुन्हा लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं, मग ते कितीही वेडंवाकडं असो, तर तो कितीतरी जास्त लक्षात राहतो. जी मुलं पानिपतच्या धड्याच्या समासात तोफ काढतात त्यांना आपण धडा सोडून भटकलेली समजतो. ती त्या वेळी धड्याच्या आतच असण्याची शक्यता बरीच आहे.

तरीही एखादं मूल चित्रात इतकं बुडतं की त्याला बाईंची हाकही ऐकू येत नाही. तेव्हा "पेन खाली ठेव, इकडे बघ" म्हणण्याचा शिक्षकांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्यांनी वापरावा. वर्गातला वेळ शिक्षकांचा आहे. पण तास संपल्यावरही त्या पानाला शिक्षा करायची, ते फाडायचं, वर्गभर नाचवायचं, घरी चिठ्ठी पाठवायची, हे वेगळं. त्याने लक्ष परत येत नाही. पुढच्या वेळी चित्र कुठे लपवायचं, तेवढं मूल शिकतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. मुलाने मन लावून केलेली गोष्ट चाळीस-पन्नास सवंगड्यांसमोर फाडणं त्यात बसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मर्यादा आहेत, त्या मी नाकारत नाही. पाठ्यपुस्तक पुढे धाकट्या भावंडाला किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलाला जायचं असतं, त्यावर गिरगटू नये. बाक सगळ्यांचे आहेत, भिंतीही. वर्गातल्या एखाद्या जाड्या किंवा तोतऱ्या मुलाला चिडवण्यासाठी काढलेलं चित्र ही त्याला मारलेली चापटच आहे, आणि तिथे शिक्षकांनी मध्ये पडायलाच हवं.

शिक्षकांचं अर्कचित्र मात्र मी या यादीत घालणार नाही. सरांचा चष्मा, बाईंचा अंबाडा, हेडमास्तरांचं चालणं टिपणारं मूल त्यांचा अपमान करत नसतं, ते त्यांना फार बारकाईने पाहत असतं. आर. के. लक्ष्मण यांनी म्हैसूरला लहानपणी घराच्या भिंती, जमिनी आणि दारं चित्रांनी भरली होती आणि शाळेत ते मास्तरांची अर्कचित्रं काढत. एका शिक्षकाने त्यांनी काढलेल्या पिंपळपानाची स्तुती केली आणि आपण चित्रकार होऊ शकतो असं त्या पोराला पहिल्यांदा वाटलं. एका पिंपळपानाबद्दलचे एका शिक्षकाचे चार शब्द, बस. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेने लक्ष्मणना प्रवेश नाकारला, त्यांच्या कामात लागणारी गुणवत्ता दिसत नाही म्हणून. त्याच मुंबईत १९५१ पासून दशकानुदशकं त्यांचा चौकड्यांच्या कोटातला माणूस रोज सकाळी देशाला भेटत राहिला. संस्थेची पारख चुकू शकते. म्हणून त्या पिंपळपानवाल्या शिक्षकाचं मोल मला जास्त वाटतं.

अमेरिकेतले डेव्ह पिल्की दुसरीत असताना त्यांना अक्षरं नीट वाचता येत नव्हती आणि एका जागी बसवत नव्हतं. शिक्षिकेने त्यांचं बाक वर्गाबाहेर काढून ठेवलं. बाहेर बसून त्यांनी कॉमिक काढायला घेतलं. नुसत्या चड्डीवर आणि केपवर फिरणारा त्यांचा वीरपुरुष, कॅप्टन अंडरपँट्स, जन्मला तो तिथे. शिक्षिकेने ते कॉमिक फाडलं आणि असली खुळचट पुस्तकं काढण्यात आयुष्य घालवता येत नाही असं सुनावलं. १९९७ साली तेच पात्र पुस्तकरूपाने आलं, आणि वाचनाला घाबरणाऱ्या असंख्य मुलांनी आपलं पहिलं पुस्तक म्हणून ते वाचून संपवलं.

पण या थोरांच्या गोष्टींवर माझा युक्तिवाद उभा नाही. वहीच्या मागे चित्रं काढणाऱ्या शंभरातली बहुतेक मुलं व्यंगचित्रकार होणार नाहीत. ती बँकेत जातील, दुकान चालवतील, शेती करतील, नर्स होतील. तरीही ते पान त्यांचं असायला हवं. 'सोडून द्या बाई, उद्याचा लक्ष्मण असेल' असं म्हणणं मला पटत नाही, कारण त्यातून असं निघतं की ज्याच्यातून लक्ष्मण होणार नाही त्याचं पान फाडलं तर चालेल. शाळेत मूल सहा-सात तास असतं. काय वाचायचं, कधी लिहायचं, कोणत्या रंगाच्या पेनाने, किती ओळी, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. त्यातलं बरंचसं योग्यही आहे, शाळा तशीच चालते. या सगळ्यात मुलाने स्वतः ठरवून, स्वतःसाठी, कुणी न सांगता केलेली एकच गोष्ट त्या दिवसात उरते, आणि ती मागच्या पानावर असते.

गुण देऊ नयेत असं मी म्हटलं, ते यासाठीच. आपल्याकडे चांगल्या गोष्टीला उत्तेजन द्यायचं म्हणजे तिची स्पर्धा भरवायची, प्रमाणपत्र द्यायचं. शासकीय रेखाकला परीक्षांचं काय झालं ते बघा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात पहिल्यांदा चांगला ब्रश दिला, वस्तूकडे नजर रोखून पाहायला लावलं, अक्षरलेखन आणि भूमिती शिकवली. त्या परीक्षांबद्दल मला आदर आहे. पण इंटरमीजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३, असा हिशोब लागला आणि पुष्कळ घरांत ती परीक्षा म्हणजे टक्केवारीची सोय झाली. स्मरणचित्रात बाजार काढायचा तर तो कसा काढल्यावर श्रेणी मिळते याचे तयार साचे पाठ होतात : डावीकडे झाड, उजवीकडे भाजीवाली, मागे दोन घरं. मागच्या पानावर अशी साच्यातली भाजीवाली मी कधी पाहिली नाही. तिथे गुण लागू झाले तर तीही येईल.

कोऱ्या पानांचा एक सरकारी प्रयोग आपल्याकडे होऊनही गेला. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांबरोबर कोरी पानं घातली गेली, मुलांनी तिथेच नोंदी कराव्यात म्हणून. मुलं वह्या आणतच राहिली, पानांचा ठरवलेला वापर झाला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती पानं बंद करण्याचा निर्णय झाला. ओझ्याच्या हिशोबाने निर्णय बरोबर असेलही. मला त्यातून दिसतं ते वेगळं : कोरं पान दिलं म्हणजे ते मुलाचं होत नाही. 'इथे नोंदी करा' असं वरून सांगितलेलं पान मुलाला कोरं वाटतच नाही, तो आणखी एक स्वाध्याय असतो. याच बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत एकेकाळी शि. द. फडणीस यांची चित्रं होती. आकड्यांच्या पुस्तकात हसरं चित्र असायला हरकत नाही हे तेव्हा मोठ्यांना पटलेलं होतं. मुलाने त्याच गणिताच्या वहीत मागे हसरं चित्र काढलं तर आज का खटकावं?

मागचं पान मोकळं सोडलं म्हणून चित्रकलेच्या तासाची गरज संपत नाही, उलट ती वाढते. डबेराव काढणाऱ्या मुलीला कधीतरी कुणीतरी रंग कसा मिसळतात, सावली कशी पडते, हात कोपरातून कसा वळतो हे शिकवायला हवं, आणि ते कलाशिक्षकच शिकवू शकतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शंभरपेक्षा जास्त पट असेल तिथे कलाशिक्षणाचे अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलेलं आहे. किती शाळांत ते खरोखर आहेत हे ज्याने त्याने आपापल्या गावात बघावं. जिथे कलाशिक्षक आहेत तिथेही परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, हे पालक म्हणून आपल्याला मुलांकडूनच कळतं. एकीकडे कलेचा तास काढून घ्यायचा आणि दुसरीकडे मागच्या पानावर फुली मारायची, मग मुलाने चित्र काढायचं कुठे?

घरी मोबाइल आहे, त्यात चित्रं काढायची अॅप आहेत, असं काही जण म्हणतात. पेन्सिलीची रेघ खोडली तरी खूण मागे राहते, मुलाला आपल्या चुका दिसत राहतात, आणि ते पान शेजारच्याकडे सरकवता येतं. माझ्यासाठी एवढं उत्तर पुरेसं आहे.

यात मोठा खर्च नाही, मोठी योजना नाही. शाळांनी वह्या तपासण्याच्या सूचनांमध्ये एक ओळ घालावी, की शेवटची दोन पानं तपासायची नाहीत. मूल स्वतः दाखवायला आलं तर शिक्षकांनी थांबून बघावं आणि एक प्रश्न विचारावा, डबेरावांना तोंड का नाही, यासारखा. 'छान' म्हणून पान उलटू नये. पालकांच्या हातात याहून जास्त आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बांधकाम, गणवेश आणि पोषण आहार यांच्यात त्या बैठका संपतात, तेही विषय महत्त्वाचे आहेत. जूनमधल्या पहिल्या बैठकीत त्यांच्या जोडीला दोन प्रश्न घ्यावेत : वेळापत्रकातला चित्रकलेचा तास वर्षभर चित्रकलेलाच मिळणार का, आणि वहीतलं चित्र सापडलं तर आपल्या शाळेत मुलाला नक्की काय केलं जातं. उत्तरं तोंडी घेऊ नयेत, इतिवृत्तात लिहून घ्यावीत, म्हणजे दिवाळीनंतरच्या बैठकीत ती पुन्हा काढून विचारता येतील.